दुखणे सांगणे म्हणजे तक्रार करणे का?

आजारी माणसाने आपले दुखणे घरच्यांना सांगावे की मनातच ठेवावे? आपल्या घरांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते. सब्र करणारा माणूस बोलत नाही, असे आपण मुलांना नकळत शिकवत असतो. घरातील वडीलधारे महिनोन्‌महिने छातीतील कळ लपवतात, आणि ती गोष्ट उघड झाल्यावर लोक कौतुकाने म्हणतात की त्यांच्या अंगी केवढा सब्र होता! हे कौतुक खरोखर सब्राचे असते की केवळ मौनाचे, हे तपासून पाहिले पाहिजे. दिव्य कुरआनाने सब्र करणाऱ्यांना फार मोठा दर्जा दिला आहे. म्हणूनच त्या शब्दात आपण आपल्या पदरचे काही मिसळले असेल, तर ते वेगळे काढणे आपले कर्तव्य ठरते.

या प्रश्नाचा विचार करताना मला अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रे फार बोलकी वाटतात. ते युद्ध आपले नव्हते आणि ती पत्रे लिहिणारे बहुसंख्य लोक आपल्या धर्माचेही नव्हते. परंतु घरापासून दूर, आजारात सापडलेला माणूस आपल्या माणसांना काय सांगतो आणि काय दडवतो, याची एवढी विपुल साक्ष दुसरीकडे क्वचितच सापडेल.

हे युद्ध 1861 ते 1865 या काळात झाले. एका बाजूला उत्तरेकडील संघराज्य होते आणि दुसऱ्या बाजूला गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेकडील राज्ये होती. त्यात सुमारे 6 लाख 20 हजार सैनिक मरण पावले असे दीर्घकाळ मानले जात होते. जनगणनेच्या आकड्यांवरून 2011 मध्ये मांडलेला नवा अंदाज साडेसात लाखांच्या जवळपास जातो. या मृतांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक रोगांनी गेले, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. शत्रूच्या बंदुकीपेक्षा छावणीतील पाणी अधिक घातक होते. शौचाचे चर पाण्याच्या जवळच खणलेले असत आणि रोग कशाने पसरतो हे त्या काळी वैद्यांनाही उमगलेले नव्हते. अतिसार, आमांश, विषमज्वर आणि हिवताप यांनी पलटणीच्या पलटणी निकामी केल्या. दूरच्या खेड्यांतून आलेल्या तरुणांना बालपणी गोवर आलेला नसे. भरतीनंतर हजारोंच्या गर्दीत राहू लागताच तो त्यांना गाठी आणि एकही गोळी न झाडता कित्येक जण दगावत. खाण्यास दगडासारखी कडक बिस्किटे, खारवलेले मांस आणि कॉफी. आजारी माणसालाही बहुधा हेच मिळे.

अशा छावणीतून पत्रे निघत, आणि तीही अगणित. उत्तरेकडील सैनिकांना 1861 च्या उन्हाळ्यापासून टपालखर्च आगाऊ न भरता पत्र पाठवण्याची सोय होती. तो खर्च पत्र घेणाऱ्याने द्यायचा. दक्षिणेत कागदाची एवढी टंचाई झाली की आलेले पाकीट उलटे करून पुन्हा वापरले जाई आणि भिंतीला चिकटवण्याच्या रंगीत कागदाचीही पाकिटे होत. ज्याला लिहिता येत नसे तो सोबत्याकडून लिहून घेई. पत्रे वाचून त्यांतील मजकूर खोडणारी यंत्रणा सर्वसाधारणपणे त्या काळी नव्हती. म्हणजे किती सांगायचे आणि किती नाही, हा निर्णय लिहिणाऱ्याच्याच मनावर होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

या पत्रांचा आरंभ बहुतेक एकाच साच्याचा असे. मी बरा आहे आणि तुम्हीही तसेच बरे असाल अशी आशा करतो, अशा अर्थाच्या दोन ओळी आधी येत. आपल्याकडील जुन्या पत्रांत ‘येथे सर्व खैरियत आहे, आपली खैरियत नेक चाहतो’ असे लिहिण्याची जी रीत होती, तिचे हे जणू सख्खे भावंडच. आणि आपल्याप्रमाणेच तेथेही खैरियतीच्या त्या ओळीखाली खरी हकीकत हळूहळू बाहेर येई. आठ दिवस तापाने पडून होतो, आता उठून बसतो. तंबूतला शेजारी काल गेला. भावाला किंवा वडिलांना लिहिताना लेखणी अधिक मोकळी होई. आईला किंवा पत्नीला लिहिताना तीच अडखळे. आईला हे वाचून दाखवू नका, अशी सूचनाही मधेच येई.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपला आजार सांगणारा सैनिक सब्र सोडतो, असे म्हणता येईल काय?

दिव्य कुरआनात हजरत अय्यूब (अलै.) यांची हकीकत आली आहे. त्यांनी आपल्या पालनकर्त्याला हाक मारली आणि आपल्याला यातनेने ग्रासले आहे हे स्पष्ट शब्दांत सांगितले. तरीही सूरह साद मध्ये अल्लाहने त्यांना सब्र करणारा आणि उत्तम दास म्हटले आहे. हजरत याकूब (अलै.) पुत्रवियोगाने इतके रडले की त्यांची दृष्टी गेली. आपण आपले दुःख केवळ अल्लाहसमोर मांडतो असे ते मुलांना म्हणाले. पण त्यांचे दुःख मुलांपासून लपलेले नव्हते, ते घरात सर्वांना दिसत होते. तेव्हा दुःख दिसू न देणे हा सब्राचा निकष असू शकत नाही.

येथे कोणी म्हणेल की अल्लाहजवळ बोलणे वेगळे आणि माणसांजवळ बोलणे वेगळे. हा भेद खरा आहे. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आचरण पाहा. त्यांना तीव्र ताप असताना आदरणीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) भेटीस आले, हात लावून पाहिला आणि ताप फार आहे असे म्हणाले. प्रेषितांनी (स.) ते नाकारले नाही. तुमच्यातील दोन माणसांना मिळून होईल एवढा त्रास मला होतो, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले आणि मग आजाराने श्रद्धावंताची पापे कशी झडतात ते समजावून सांगितले. आदरणीय आयशा (रजि.) डोकेदुखीने कण्हल्या, तेव्हा त्यांना गप्प करण्याऐवजी प्रेषितांनी (स.) आपलेही डोके दुखत असल्याचे सांगितले. विद्वानांनी यावरून काढलेला निष्कर्ष सरळ आहे. आपली अवस्था कळवणे ही खबर आहे. अल्लाहच्या निर्णयावर नाराज होऊन माणसांपुढे गाऱ्हाणे मांडणे हा शिकवा आहे. शब्द दोन्हीकडे तेच असतील, मनाचा रोख मात्र वेगळा असतो.

आणखी एक बाजू आहे, जिच्याकडे आपण फारसे पाहत नाही. आजाऱ्याच्या भेटीस जाणे हा एका मुसलमानाचा दुसऱ्यावरील हक्क आहे. ज्याला खबरच नाही तो हा हक्क कसा बजावणार? दुआ कशी करणार? छावणीतील आजाराची खबर मिळाल्यावर तेथील कित्येक माता-पिता शेकडो मैलांचा प्रवास करून इस्पितळांत पोहोचले. डिसेंबर 1862 मध्ये भाऊ जखमी झाल्याची बातमी वर्तमानपत्रातून कळताच कवी वॉल्ट व्हिटमन त्याला शोधत फ्रेडरिक्सबर्गला गेले. भावाची जखम किरकोळ निघाली. पण तेथील दृश्य पाहून ते वॉशिंग्टनमधील इस्पितळांत जाऊ लागले आणि युद्ध संपेपर्यंत खाटेखाटेजवळ बसून आजारी सैनिकांची पत्रे लिहून देत राहिले. ही आजाऱ्यांची भेटच होती, आणि फार उत्तम प्रकारची.

मग काहीही, कधीही, कसेही सांगून टाकावे काय? तसेही नाही. आदरणीय उम्मे सुलैम (रजि.) यांचा प्रसंग हदीसमध्ये आला आहे. पती अबू तल्हा (रजि.) घरी नसताना त्यांचे आजारी मूल वारले. पती परतले आणि त्यांनी मुलाची चौकशी केली, तेव्हा ते पूर्वीपेक्षा शांत आहे असे उम्मे सुलैम म्हणाल्या. त्यांनी पतीला जेवू घातले, विसावा घेऊ दिला आणि मग विचारले की कोणी उसनी दिलेली वस्तू परत मागितली तर नकार देता येतो का? नाही असे उत्तर येताच त्यांनी मुलाच्या मृत्यूची वार्ता सांगितली. अबू तल्हा (रजि.) प्रथम नाराज झाले, पण प्रेषितांनी (स.) त्या दोघांच्या त्या रात्रीसाठी बरकतीची दुआ केली. या प्रसंगाचा आधार घेऊन आपल्याकडे वाटेल तेवढी लपवालपवी केली जाते. त्यांनी खोटा शब्द उच्चारला नव्हता, आणि विलंब एका रात्रीचा होता. दफनाच्या वेळी पिता हजर राहू शकत होता.

आपल्यापैकी अनेक घरांतील तरुण आखातात नोकरीला आहेत. आईला इस्पितळात हलवले तरी त्याला कळवायचे नाही, तो तिकडे एकटा आहे, उगाच घोर लावून घेईल, असे घरात ठरते. फोनवर आई झोपली आहे असे सांगितले जाते. पुढे जनाजा उठल्यानंतर त्याला सत्य कळते. आईशी शेवटचे बोलण्याचा, तिची क्षमा मागण्याचा त्याचा हक्क कोणी घेतला? प्रेमाने घेतला असेल, पण घेतला. माझ्या मते हा अन्याय आहे आणि त्याला सब्राचे नाव देणे योग्य नाही.

यादवी युद्धातील पत्रव्यवहाराची एक अवघड बाजूही सांगितली पाहिजे. दक्षिणेकडील स्त्रियांनी नवऱ्यांना उपासमारीची हकीकत लिहिली, तेव्हा काही सैनिक छावणी सोडून घरी निघाले. तेथील वर्तमानपत्रांनी स्त्रियांना उपदेश केला की पत्रे आनंदी लिहा. गुलामगिरीसाठी लढणाऱ्या सत्तेला आपली पलटण टिकवायची होती आणि त्यासाठी उपाशी मुलांच्या आईने हसून लिहावे अशी तिची अपेक्षा होती. दुसऱ्याचे मौन कोणाला सोयीचे आहे, हे अशा वेळी पाहावे लागते. उत्तरेच्या सैन्यातही काळ्या सैनिकांचे वेतन कमी होते. गोऱ्या शिपायाला दरमहा 13 डॉलर मिळत. काळ्याला 10 डॉलर, आणि त्यातूनही 3 डॉलर कपड्यांसाठी कापले जात. मॅसॅच्युसेट्सच्या 54 व्या पलटणीने असे वेतन घेण्याचेच नाकारले, जरी त्यांची कुटुंबे हालात होती. त्याच पलटणीतील जेम्स हेन्री गुडिंग यांनी सप्टेंबर 1863 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना पत्र लिहून हा अन्याय मांडला. जून 1864 मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. पुढच्याच महिन्यात गुडिंग अँडरसनव्हिलच्या बंदिछावणीत मरण पावले, जेथे सुमारे 13 हजार कैदी भूक आणि रोग यांनी संपले. सूरह निसा मध्ये वाईट गोष्टीचा जाहीर उच्चार अल्लाहला अप्रिय असल्याचे सांगताना ज्याच्यावर जुलूम झाला त्याला मात्र वगळले आहे. गुडिंग यांच्या पत्राची जागा तेथे आहे.

युद्ध संपले तेव्हा हजारो घरांना आपला माणूस कोठे गेला हेच माहीत नव्हते. सैनिकाच्या अंगावर ओळखीची खूण नसे आणि मृत्यूची वार्ता घरी पोहोचवण्याची खात्रीची सरकारी व्यवस्था नव्हती. सोबत्याचे पत्र आले तर कळायचे. क्लारा बार्टन या परिचारिकेने बेपत्ता सैनिकांच्या शोधासाठी कार्यालय उघडले, तेव्हा तेथे 63 हजारांहून अधिक पत्रे आली. सुमारे 22 हजार जणांचे काय झाले, हे त्या शोधू शकल्या.

छावणी आणि आजार यांच्यातील पत्रांचा विषय निघाला की आपल्या इतिहासातील एका पत्रव्यवहाराची आठवण टाळता येत नाही, जरी तेथे यादवी युद्ध नव्हते. हिजरी सन 18 मध्ये शाममधील अम्वास येथे प्लेगची साथ आली आणि मुस्लिम सैन्य तिच्यात सापडले. सेनापती होते आदरणीय अबू उबैदा बिन जर्राह (रजि.). खलीफा उमर (रजि.) यांनी मदीनेहून त्यांना पत्र पाठवले की एक काम निघाले आहे, त्यासाठी समक्ष भेट हवी; पत्र वाचताच निघा. इतिहासकारांनी दिलेल्या मजकुरात साथीचा उल्लेखही नाही. अबू उबैदा (रजि.) काय ते समजले. त्यांनी उत्तरात आपण बरे आहोत असे लिहिले नाही आणि दुखणेही उगाळले नाही. आपले काम मला कळले आहे, मी मुसलमानांच्या सैन्यात आहे आणि त्यांना सोडून स्वतःचा जीव वाचवण्याची इच्छा मला नाही, तेव्हा या आज्ञेतून मला मोकळे करावे, असा त्यांचा आशय होता. पत्र वाचून उमर (रजि.) रडू लागले. अबू उबैदा वारले काय, असे लोकांनी विचारले. नाही, पण वारल्यासारखेच आहे, असे ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी दुसरे पत्र पाठवले. सैन्य सखल, दमट जागी उतरले आहे. त्याला उंच आणि स्वच्छ हवेच्या जागी न्यावे, असे त्यात होते. अबू उबैदा (रजि.) साथीतच गेले. त्यांच्यामागून सूत्रे हाती घेणारे मुआज बिन जबल (रजि.) हेही गेले. मग अम्र बिन आस (रजि.) यांनी लोकांना डोंगरांवर पांगवले आणि अल्लाहने ती साथ उठवली.