चाळिशीनंतरचें पाचारण

खेड्यांतील मंडळ्यांस भेटी देतांना एक प्रश्न वारंवार कानीं येतो. तो सभेंत कोणी विचारीत नाहीं. उपासना संपून माणसें पांगलीं म्हणजे एखादा गृहस्थ मागें रेंगाळतो आणि हलक्या आवाजांत म्हणतो, "मास्तर, बेचाळीस वर्षें झालीं. शाळा सातवींतच सुटली. आजवर कोयता चालविला. आतां पाठ साथ देत नाहीं. दुसरें कांहीं काम धरावें म्हणतों. पण देवानें जेथें ठेविलें तेथून हलणें बरें कीं वाईट?"

हिंगोली जिल्ह्यांत हा प्रश्न कल्पनेंतला नव्हे. दिवाळीच्या सुमारास येथील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात. नवराबायकोच्या जोडीलाच तेथें एक कोयता म्हणतात. माणसाचें नांव हत्याराच्या नांवांत बुडून जातें. अशा माणसानें चाळिशींत नवें काम शोधूं म्हटलें म्हणजे त्याला तीन आवाज ऐकूं येतात. एक म्हणतो, तुला पदवी नाहीं. दुसरा म्हणतो, तुझें वय गेलें. तिसरा, आणि हा सर्वांत कठीण, म्हणतो कीं असंतोष हें पाप आहे.

ह्या तिसऱ्या आवाजास आधार म्हणून कित्येक जण पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायाकडे बोट दाखवितात. ज्या स्थितींत पाचारण झालें तींत राहावें, असा तेथील उपदेश आहे खरा. परंतु पौल तेथें सुंता व दास्य ह्यांविषयीं बोलत आहे, आणि दासास मोकळें होण्याची संधि आली तर ती त्यानें घ्यावी, असा त्याच ठिकाणचा अर्थ बहुतेक जाणते लावतात. शिवाय आपल्या घराण्यांकडे पाहा. आमच्यापैकीं पुष्कळांच्या आजोबांस गांवानें मेलेलीं जनावरें ओढण्याचें काम जन्मतःच लावून दिलें होतें. तें त्यांनीं सोडलें, कित्येकांनीं मार खाऊन सोडलें. "आहे तेथेंच राहा" ह्या उपदेशाचा त्यांनीं शब्दशः अर्थ घेतला असता तर हा मजकूर वाचावयास आज त्यांचीं नातवंडें शिकलीं असतीं काय?

म्हणून जन्मावरून काम ठरविण्यास जो विरोध करतो त्यानें दुसऱ्या एका जातीपासूनही सावध असावें. बाविसाव्या वर्षीं हातीं कागद होता कीं नव्हता, एवढ्यावरून माणसाची आयुष्यभराची जागा ठरविणें ही ती नवी जात होय. विद्येची निंदा आम्ही करीत नाहीं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टराजवळ पदवी असावीच, आणि ज्याला ती हवी आहे त्याच्यासाठीं 1989 सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालें, तें घरीं राहून, काम करीत शिकणारांसाठींच. पण बसमतकडचा हळद शिजविणारा पाहा. बेणें ज्येष्ठाच्या आसपास पुरावयाचें, आठनऊ महिन्यांनीं कंद खणावयाचे, मग शिजवून वाळवून घासावयाचे. कंद कमी शिजला तर वाळत नाहीं नीट, जास्त शिजला तर रंग बिघडतो. काडी खुपसून, बोटानें दाबून, वाफेचा वास घेऊन जो "उतरवा" म्हणतो त्याची ती परीक्षा कोणत्या विद्यापीठांत झाली? औंढा नागनाथजवळ दुधाळ्यास गुरुत्वलहरींच्या शोधासाठीं जी वेधशाळा व्हावयाची, तिला 2023 च्या एप्रिलांत केंद्र सरकारनें 2,600 कोटी रुपयांची मान्यता दिली. तेथें मोठे विद्वान लागतील हें उघड आहे. परंतु पाया सरळ घेणारा गवंडी आणि तार बिनचूक जोडणारा कारागीरही लागेल. (खोटा दाखला विकत घेऊन आंत शिरणाराविषयीं मात्र आम्हांस कांहींच बोलावयाचें नाहीं, आठवी आज्ञा सर्वांस पाठ आहे.)

वयाविषयीं म्हणाल तर विल्यम केरी हा चांभारकाम करणारा मनुष्य बत्तिसाव्या वर्षीं हिंदुस्थानांत आला, कोणत्याही विद्यापीठांत न शिकतां कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत मराठी शिकवूं लागला, आणि 1805 सालीं त्यानें मराठीचें व्याकरण छापलें. परंतु थोरांचीं असलीं उदाहरणें देऊन उपदेशक मोकळा होतो. प्रश्न विचारणारा मात्र घरीं जाऊन पुन्हां विचार करीत बसतो, कारण त्याच्या घरांत चूल आहे.

ह्या चुलीचा विचार करावयाचा तर नारायण वामन टिळकांची गोष्ट अधिक उपयोगी. त्यांजवळ पदवी नव्हती. शिक्षकी, छापखाना, ग्रंथांचें काम असें फिरत फिरत ते 1895 सालीं ख्रिस्ती झाले, पुढें अहमदनगरास धर्मशिक्षणाचें काम करूं लागले, आणि 1917 सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, मिशनची पगारी चाकरी सोडून "देवाचा दरबार" मांडावयास निघाले. त्यांच्या धैर्याचें आम्ही कौतुक करतों. पण लक्ष्मीबाईंचें "स्मृतिचित्रें" ज्यानें वाचलें आहे त्याला हेंही ठाऊक आहे कीं टिळकांच्या प्रत्येक उडीचा अर्धा भार घरांत राहणाऱ्या बाईच्या अंगावर पडे, आणि पुष्कळदां उडी घेतल्यावरच तिला कळे. आम्हांस हें मान्य नाहीं. पाचारण नवऱ्यास झालें असें म्हणून पोटास चिमटा बायकोमुलांनीं घ्यावा, ह्यांत श्रद्धा किती आणि लहर किती, हें निवडून पाहिलें पाहिजे. गंमत अशी कीं त्याच घरांत खरें मोठें परिवर्तन त्या बाईंचें झालें. ज्यांस अक्षरओळख टिळकांनीं करून दिली, त्या लक्ष्मीबाईंनीं टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचें अपुरें राहिलेलें "ख्रिस्तायन" पुरें केलें. आणि 1934 सालीं "स्मृतिचित्रें" पुस्तकरूपानें निघूं लागलें तेव्हां त्यांची साठी उलटून गेली होती.

आणखी एक अडचण आहे, तिच्याविषयीं व्यासपीठावरून कोणी बोलत नाहीं. ती मुकादमाच्या उचलीची. हंगामापूर्वीं घेतलेले पैसे अंगावर असतांना कोयता टाकून पळणें योग्य काय? आम्ही म्हणतों, नव्हे, घेतलेलें फेडावें. पण जें कर्ज किती मोळ्या बांधल्या तरी मुकादमाच्या वहींत कमी होतच नाहीं, जें फिटेपर्यंत लेकराबाळांस अडकवून ठेवितात, तें कर्ज नव्हे, वेठ आहे. आणि 1976 च्या कायद्यानें वेठबिगारीचें असें कर्ज रद्दच ठरविलें आहे. ह्या दोहोंतला फरक एकट्या माणसाला मुकादमासमोर मांडतां येत नाहीं. तेथें मंडळीच्या दोन वडिलांनीं त्याच्याबरोबर जाऊन हिशेब मागावा. प्रार्थनेंत त्याचें नांव घेण्यापेक्षां हें कठीण आहे, म्हणूनच तें बहुधा राहून जातें.

पौल करिंथास आला तेव्हां त्याच्यापाशीं तेथें घर नव्हतें. अक्विला व प्रिस्किल्ला हीं रोमांतून हांकलून दिलेलीं, स्वतःच नव्यानें बस्तान बसविणारीं नवराबायको. त्यांनीं त्याला आपल्या तंबूच्या कामांत घेतलें. दीड वर्ष तो त्या नगरांत राहिला. आमच्या मंडळ्यांत हळदीची कढई असलेले आहेत, गवंडी आहेत, शिवणयंत्र असलेल्या बाया आहेत. मागें रेंगाळून प्रश्न विचारणाऱ्या त्या गृहस्थास ह्यांपैकीं कोणीं एका हंगामापुरतें आपल्या हाताखालीं घेतलें आहे काय, हें पुढच्या भेटींत आम्ही विचारणार आहों. आणि त्याच्या घरीं गेल्यावर त्याच्या अगोदर त्याच्या बायकोस विचारणार आहों कीं बाई, तुमचें काय म्हणणें आहे?