दृष्टांताचा आशय आणि दृष्टांताचे तात्पर्य

गोष्ट संपली की तिच्याखाली 'तात्पर्य' असा शब्द लिहावयाचा आणि त्यापुढे एक वाक्य जोडावयाचे, ही सवय आपणा सर्वांना शाळेतच लागली आहे. इसापाच्या गोष्टी मराठीत तंजावर येथे इ. स. १८०६ मध्ये छापल्या गेल्या. पुढे शालेय पुस्तकांतून ही पद्धत इतकी रुळली की, तात्पर्य म्हणजेच गोष्ट, असे आपण मानू लागलो. निरूपणाच्या आसनावर बसणाऱ्यालाही ही सवय सुटत नाही. म्हणून प्रश्न असा की, गोष्टीखाली लिहिलेले ते एक वाक्य आणि गोष्टीचा आशय, ही दोन एकच आहेत काय?

शास्त्रात 'तात्पर्य' हा शब्द व्यापक अर्थाने येतो. उपक्रम-उपसंहारादी सहा लिंगांनी जे निश्चित करावयाचे, ते ग्रंथाचे तात्पर्य होय. प्रस्तुत लेखात मात्र तो शब्द शाळेतल्या अर्थाने, म्हणजे 'शेवटी काढलेला बोध' या अर्थाने घेतला आहे. हा बोध आणि आशय यांतील भेद थोडक्यात असा सांगता येईल: गोष्ट कशाविषयी आहे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आशय; आणि ती ऐकून मी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तात्पर्य. आशय गोष्टीच्या अंगात सर्वत्र मुरलेला असतो. तात्पर्य त्यातून एका श्रोत्याने एका प्रसंगी उचलावयाचे असते.

हा भेद आपल्या पूर्वाचार्यांना चांगला ठाऊक होता. केशिराजबासांचा दृष्टांतपाठ पाहावा. त्यातील ११४ दृष्टांतांची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशा तीन अंगांनी केलेली आहे. सूत्र आणि दृष्टांत ही सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची. दार्ष्टांतिक हे केशिराजबासांचे. सूत्र प्रमेय सांगते, दृष्टांत ते डोळ्यांपुढे उभे करतो, आणि दार्ष्टांतिक ते कोठे लावावयाचे ते दाखविते. आपले दार्ष्टांतिक स्वामींच्या दृष्टांतात मिसळून टाकणे केशिराजबासांना अवघड नव्हते. पण त्यांनी ते वेगळे ठेविले. स्वामींनी सांगितले ते कोणते आणि मी लावले ते कोणते, हे वाचकाला प्रत्येक ठिकाणी दिसले पाहिजे, असा विवेक या मांडणीत आहे.

हा विवेक सुटला म्हणजे काय होते, हे मी स्वतःच्या एका चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावी चातुर्मासात निरूपण चालले होते. गावात दोन घरांमध्ये शेताच्या बांधावरून तंटा होता आणि दोन्ही घरची माणसे श्रोत्यांत बसत. त्यांची समजूत घालावी, या हेतूने मी हत्तीचा दृष्टांत घेतला. गावात हत्ती आला. जन्मांध त्याला पाहावयास गेले. ज्याच्या हाती पाय आला तो म्हणाला, हत्ती खांबासारखा. कान लागला तो म्हणाला, सुपासारखा. शेपूट लागले तो म्हणाला, खराट्यासारखा. येथे मी थांबलो आणि तात्पर्य सांगितले: प्रत्येकाचे म्हणणे थोडे थोडे खरे असते, म्हणून कोणी भांडू नये. सभा प्रसन्न झाली. दोन्ही घरांनी माना डोलाविल्या.

निरूपण संपल्यावर त्यांपैकी एका घरची वृद्ध विधवा दंडवत घालून बाजूला उभी राहिली. ती म्हणाली, "बाबा, माझा बांध दोन हात आत कोरला. हे खरं, की हेही नुसतं हत्तीचं शेपूट?"

मला उत्तर सुचले नाही. रात्री पोथी उघडली, तेव्हा चूक ध्यानात आली. तो दृष्टांत आंधळ्यांच्या वादापाशी संपत नाही. त्यात डोळस येतो, आणि तो अवघा हत्ती पाहतो. अंशाचे ज्ञान आणि पूर्णाचे ज्ञान यांतील अंतर हा त्या दृष्टांताचा आशय आहे. 'सर्वांचेच थोडे खरे' हे तात्पर्य मला हवे होते, आणि त्याच्या आड डोळस येत होता. म्हणून मी त्याला नकळत गाळले. त्या दिवसापासून मी स्वतःपुरती एक कसोटी धरली आहे. ज्या तात्पर्यासाठी गोष्टीतले एखादे पात्र गाळावे लागते, ते तात्पर्य त्या गोष्टीचे नव्हे. ते सांगणाऱ्याच्या सोयीचे असते.

दुसरी गोष्ट याहून लाजिरवाणी होती. मी स्वतः तो बांध पाहिलेलाच नव्हता. दोन्ही घरांना आंधळे ठरविताना मी डोळसाच्या जागी बसलो होतो. पण माझ्या हाती शेपूटसुद्धा लागलेले नव्हते. तात्पर्य बहुधा समोरच्यासाठी असते. आशयात मात्र सांगणाराही सापडतो. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही घरच्यांसह शेतावर गेलो आणि जमिनीची रीतसर मोजणी करून घ्यावी, असे सांगितले. मोजणी झाली, खुणा रोविल्या गेल्या, बांध दोन हात मागे गेला. ते काम बोधाने झाले नसते. अवघे पाहण्यानेच झाले.

म्हणजे तात्पर्य काढूच नये काय? तसे नाही. श्रोत्याला आचारासाठी काहीतरी हाती लागले पाहिजे, आणि दार्ष्टांतिक त्याकरिताच आहे. पण तात्पर्य प्रसंगाने आणि अधिकाराने बांधलेले असते. आपल्या परंपरेत कोणते वचन कोणाला, कोठे, कोणत्या प्रसंगी निरूपिले, हे सांगणारे 'प्रकरणवश' जपले गेले, ते याचसाठी. प्रसंग काढून टाकला की एकासाठीचे औषध दुसऱ्याला विष होऊ शकते. भांडखोराला 'सोसावे' हा बोध हितकारक; पण ज्याचे लुबाडले गेले आहे, त्याला तोच बोध अन्यायाचा होतो.

काही गोष्टी तर तात्पर्यावाचूनच सांगावयाच्या असतात. लीळाचरित्रात लहानग्यासाठी सांगितलेली शेणाच्या आणि मेणाच्या घराची गोष्ट आलेली आहे. पाऊस येतो, कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते. त्याला दार्ष्टांतिक नाही. तरी घर, पाऊस आणि आसरा यांविषयी त्या बालकाला जे कळावयाचे ते कळते, आणि ही गोष्ट आजही मराठी घरांत आया मुलांना सांगत आहेत. त्याखाली 'म्हणून पक्के घर बांधावे' असे लिहिले, तर गोष्ट तेवढीच उरेल.

म्हणून निरूपण करणाऱ्या साधकांना आणि घरी पोथी वाचणाऱ्या वासनिकांना एवढेच विनवावेसे वाटते: दृष्टांत आधी अवघा सांगावा, मग दार्ष्टांतिक जोडावे, आणि जोडताना 'हे माझे जोडणे आहे' असे स्वतःशी तरी म्हणावे. तात्पर्य कोणाकडे बोट दाखविते, ते पाहावे. ते आपल्याकडे कधीच वळत नसेल, तर दृष्टांत पुन्हा पहिल्यापासून वाचावा.