बांधलेले इंजिन आणि नागसेनाचा दिवा

अमेरिकेत स्वतःच्या एकाच ट्रकवर संसार चालवणाऱ्या चालक-मालकापुढे आठ-दहा लाख मैल झाल्यावर एक प्रश्न उभा राहतो. इंजिन बांधून घ्यावे, की नवा ट्रक घ्यावा? नवा ट्रक घ्यायचा तर दीड लाख डॉलर किंवा त्याहूनही जास्त, आणि वर 12 टक्के केंद्रीय कर. इंजिन बांधायला याचा लहानसा वाटा पुरतो. लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगा बदलतात, हेड दुरुस्त होते किंवा नवे बसते. ब्लॉक तोच राहतो, बहुधा क्रँकशाफ्टही. वेळ नसेल तर आपले झिजलेले इंजिन देऊन कारखान्यात बांधलेले दुसरे आणता येते. अशा वेळी ब्लॉकही दुसऱ्याच कोणाच्या ट्रकमधला असतो. बहुतेक जण या निवडीकडे हिशेबाची बाब म्हणून पाहतात. मला तिच्या तळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न दिसतो. बांधलेले इंजिन जुनेच असते की नवे? आणि माझे म्हणणे असे की प्रश्न असा मांडला तर त्यातून काही निष्पन्न होत नाही. त्याऐवजी त्या इंजिनातून पुढे काय वाहते आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते, हे विचारले पाहिजे.

आपल्या दर्शनांनी पहिल्या प्रश्नावर पुष्कळ शक्ती खर्च केली आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी हा अवयवांच्या बेरजेहून वेगळा, खराखुरा पदार्थ असतो. कापड फाटले की पहिले कापड नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांतून ‘खंडपट’ हे नवे द्रव्य जन्माला येते. या न्यायाने एक पिस्टन बदलला तरी इंजिन निराळे झाले, आणि ‘हे तेच’ ही आपली ओळख केवळ सादृश्यावर उभी राहिली. बौद्ध याच्या उलट म्हणतात की अवयवी नावाचे वेगळे काही नसतेच, ‘रथ’ हे फक्त व्यवहाराचे नाव आहे. ग्रीकांकडे प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली. फळ्या बदलत गेलेले ते जहाज तेच की दुसरे, यावर विचारवंतांत दोन तट पडले होते. अमेरिकेच्या करकायद्याने मात्र या वादाला चक्क आकडा दिला आहे. दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या वाहनाच्या किरकोळ किमतीच्या 75 टक्क्यांच्या आत असेल, तर केवळ त्या दुरुस्तीमुळे ते नव्याने बनवलेले वाहन ठरत नाही. कर आकारण्यासाठी ही रेषा सोयीची आहे. पण 74 टक्क्यांवर वस्तू तीच आणि 76 टक्क्यांवर दुसरी, असे वस्तूच्या स्वरूपाबद्दल कोणी गंभीरपणे म्हणणार नाही. रेषा माणसाने आपल्या कामासाठी ओढलेली आहे, आणि म्हणूनच ती कोणत्या कामासाठी ओढली हे पाहावे लागते.

ते काम विसरले गेले की काय होते, हे ‘ग्लायडर’ नावाच्या ट्रकांनी दाखवले. कोरी चासी, कोरी केबिन, पुढचा आस नवा, आणि आत बांधलेले जुने इंजिन. मूळ कल्पना साधी होती. अपघातात केबिन चिरडली पण इंजिन धडधाकट राहिले, तर ते वाया जाऊ नये. पुढे उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले. 1998 च्या मानकात प्रति अश्वशक्ती-तास 4 ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड आणि 0.1 ग्रॅम काजळीची मुभा होती. 2010 पर्यंत ती अनुक्रमे 0.2 आणि 0.01 ग्रॅमवर आली. मग जुन्या इंजिनाचा ग्लायडर ही केवळ काटकसर राहिली नाही, ती सूट मिळवण्याची वाट झाली. गाडी चालवण्याचे तास नोंदणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र 2017 च्या अखेरीस सक्तीचे झाले, तेव्हाही 2000 पूर्वीच्या मॉडेलला सूट मिळाली आणि त्यासाठी इंजिनाचे वर्ष धरले गेले. म्हणजे नवे वाहन म्हणून त्याचे आयुष्य हवे आणि जुने इंजिन म्हणून त्याची मोकळीकही हवी, असे दोन्ही हक्क एकाच लोखंडावर सांगितले जाऊ लागले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2016 च्या नियमांत या वाटेवर मर्यादा घातली. मला ती योग्य वाटते. दोन ओळखींपैकी जी सोयीची ती प्रसंगानुसार पुढे करणे हा दुरुस्तीचा धर्म नव्हे.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात बौद्ध भिक्खू नागसेनाने रथाचे अवयव मिलिंद राजापुढे एकेक करून मांडले, ते सर्वांना आठवते. त्याच संवादातला दिवा मात्र फारसा आठवला जात नाही. एक माणूस माडीवर दिवा लावून जेवतो. दिव्याने छपराचे गवत पेटते, गवताने घर, घराने गाव. गावकरी त्याला धरतात, तर तो म्हणतो, मी जेवलो ती ज्योत वेगळी आणि गाव जाळणारी आग वेगळी. तत्त्वतः त्याचे खोटे नाही, क्षणाक्षणाला ज्योत बदलतेच. तरीही राजा निकाल गावकऱ्यांच्या बाजूने देतो, कारण ती आग त्याच दिव्यातून निघाली. माझ्या दृष्टीने सगळ्या चर्चेचा कणा इथे आहे. वस्तू तीच की वेगळी याचा निर्णय लागला नाही तरी जबाबदारीचा निर्णय लागतो, कारण ती द्रव्याच्या एकत्वावर नव्हे, कार्यकारणाच्या अखंड धाग्यावर टिकते. इंजिनाचे अर्धे अधिक भाग बदलले तरी धूर त्याच रचनेचा निघत असेल, तर तो धूर मालकाच्या खाती आहे. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांच्या आसपास राहणाऱ्यांच्या छातीत तो जातो. इंजिन नव्याने बांधले आहे, हे त्या छातीला कळत नाही.

यावर पहिला आक्षेप अपरिग्रहाचा. टिकणारी वस्तू टाकून नवी घेणे हाच अपराध नाही का? पातेले, लुगडे, लाकडी कपाट यांच्याबाबत हे मला पूर्ण मान्य आहे. त्या वस्तू घडताना जे खातात ते खातात, पुढे जवळजवळ काही मागत नाहीत. ट्रकचे तसे नाही. ओढणारा ट्रक स्वतः साधारण 8 टन वजनाचा असतो. तो वर्षाला 1 लाख मैल धावला आणि गॅलनला साडेसहा मैल पडले, तर 15 हजार गॅलनहून जास्त डिझेल जळते आणि दीडशे टनांवर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाचवलेल्या लोखंडाचे पुण्य या आकड्यापुढे लहान ठरते. रोज खाणाऱ्या वस्तूची काटकसर तिच्या भुकेवरून मोजावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो करणारा माणूस बहुधा खरे बोलत असतो. नव्या इंजिनाबरोबर काजळीची गाळणी येते, युरियाचे द्रावण येते, सेन्सर येतात. एक सेन्सर बिघडला की संगणक गाडीचा वेग उतरवतो आणि भर रस्त्यात दिवस बुडतो. हप्ता मात्र बुडत नाही. ज्याच्याजवळ एकच ट्रक आहे त्याला हे परवडत नाही. मला वाटते, इथे दोष आणि परिणाम वेगळे करावे लागतात. लाचारीने दोष कमी होतो, धूर कमी होत नाही. आणि वाटा दोनच आहेत हेही खरे नाही. कॅलिफोर्नियात 2023 पासून बहुतेक जड डिझेल ट्रकांना 2010 किंवा त्यानंतरच्या मानकाचे इंजिन असावे लागते. ट्रक कोरा असावा, असे तो नियम म्हणत नाही. 2013 चे इंजिन त्याच्या मूळ प्रमाणित रचनेत, गाळणीसकट, नीट बांधून घेतले तर नियमही पाळला जातो आणि कर्जही टळते. या बांधणीला मी निःशंकपणे जीर्णोद्धार म्हणेन. 1998 चे इंजिन मुद्दाम शोधून बांधणे म्हणजे मात्र जुनी सूट विकत घेणे होय.

नवा ट्रक घेणाऱ्याचे हातही आपोआप स्वच्छ होत नाहीत, कारण जुना ट्रक नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जातो, कित्येकदा सीमेपलीकडे मेक्सिकोत. ज्योत आता दुसऱ्याच्या माडीवर, एवढाच फरक. याउलट पुरीला नवकलेवर विधीत जगन्नाथाची नवी काष्ठमूर्ती घडते, अलीकडे 2015 मध्ये घडली. आतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवला जातो आणि जुनी मूर्ती कोइली वैकुंठात विधिपूर्वक पुरली जाते. जुन्याचा शेवट झाल्याखेरीज नव्याची स्थापना पुरी होत नाही. कॅलिफोर्नियाच्या कार्ल मॉयर योजनेत जुना ट्रक बदलण्यासाठी अनुदान मिळते, तेव्हा जुन्या इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडावे लागते आणि चासीचे दोन्ही बीम कापावे लागतात. त्यानंतर ते इंजिन कोणाला बांधता येत नाही.