मुरुमांवरील लेझर उपचार : निर्मितीत बदल की रोगनिवारण?



पावसाळ्यात लोणावळ्याहून कुसगावकडे येताना कधी कधी धुके इतके दाट असते की समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही. कुसगावात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने आम्हास लिहिले आहे की वर्षातले हेच दिवस तिला आवडतात. धुक्यात तिच्याकडे कोणी टक लावून पाहत नाही.

तिच्या परवानगीने पत्राचा आशय आपल्यापुढे ठेवतो. वयाच्या सोळाव्या वर्षापासून तिच्या गालांवर व हनुवटीवर मुरुम येतात. जुने बसतात, डाग ठेवतात आणि नवे उठतात. गेल्या वर्षी एक स्थळ पाहून गेले आणि निरोप आला की मुलगी सुशील आहे, पण चेहरा तेवढा बरा हवा होता. शहरातील एका खाजगी दवाखान्याने लेझर व प्रकाशकिरणांच्या सहा सत्रांचे ‘पॅकेज’ सुचवले आहे. दुसरे स्थळ दोन महिन्यांनी येणार आहे. तेवढ्यात उपचार व्हावेत म्हणून आई आपल्या बांगड्या तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहे. खोलीतली मैत्रीण म्हणते, हा अल्लाहच्या निर्मितीत बदल आहे, तो हराम. मामा म्हणतात, सब्र कर. आई म्हणते, सब्र केल्याने लग्न होत नाही. मुलीचा प्रश्न एवढाच आहे : मी कोणाचे ऐकू?

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. कुसगाव बुद्रुक येथे महाविद्यालयांचे मोठे संकुल आहे. तेथे गावोगावची मुले-मुली येतात, आणि हे वयच मुरुमांचे असते. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. ते बोलत नाहीत इतकेच. म्हणून उत्तर तिला देताना ते आपणा सर्वांना उद्देशून देत आहोत.

प्रथम रोग काय आहे हे समजून घेऊ, कारण अज्ञानावर दिलेला निर्णय न्यायाचा नसतो. वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल पाझरू लागतात. केसांच्या मुळांशी असलेली छिद्रे बुजतात, त्यांत ‘क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस’ नावाचे जिवाणू वाढतात आणि दाह होऊन पुटकुळी उठते. हा अस्वच्छतेचा परिणाम नव्हे. मनातील वाईट विचारांची किंवा पापाची ही खूण आहे, असे म्हणणे तर निव्वळ जुलूम आहे. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्या चेहऱ्यावरही मुरुम येतात.

आता उपचाराविषयी. प्रकाशाने त्वचेचा रोग बरा करण्याचा विचार नवा नाही. डेन्मार्कमधील वैद्य नील्स फिन्सेन यांनी एकवटलेल्या प्रकाशकिरणांनी त्वचेच्या क्षयावर उपचार केले आणि 1903 साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पहिला लेझर 1960 साली प्रकाशमान झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, 1964 साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेझर तयार झाला. तो तयार करणारे चंद्रकुमार पटेल हे आपल्याच पुणे जिल्ह्यातील बारामती येथे 1938 साली जन्मले होते आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले होते. त्या लेझरचे किरण पाणी शोषून घेते, आणि त्वचेत पाणी भरपूर असते. म्हणून हा किरण त्वचेचा अतिशय पातळ थर नेमका उडवू शकतो. मुरुमांनी मागे ठेवलेले खड्डे सौम्य करण्यासाठी आज त्याचाच उपयोग होतो.

उठलेल्या मुरुमांसाठी निळा प्रकाश वापरतात. त्या जिवाणूंच्या अंगी ‘पॉर्फिरिन’ नावाचे द्रव्य असते. सुमारे 415 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश त्यावर पडला की असा क्रियाशील प्राणवायू निर्माण होतो जो जिवाणूलाच मारतो. लाल प्रकाश अधिक खोल जातो आणि दाह कमी करण्यासाठी वापरला जातो. अलीकडे, 2022 साली, तैलग्रंथीलाच तापवून तिचे काम मंद करणाऱ्या लेझर यंत्रांना अमेरिकेत परवानगी मिळाली. विचार करणाऱ्यांसाठी या साऱ्यात खुणा आहेत : ज्याने जिवाणू निर्माण केला, त्यानेच जिवाणूच्या देहात त्याच्या नाशाचे द्रव्यही ठेवले.

आता मैत्रिणीचा आक्षेप पाहू. तो हलका मानण्यासारखा नाही. पवित्र कुरआनच्या ‘अन्-निसा’ या अध्यायात (4:119) सैतानाची ती धमकी आली आहे की मी माणसांना अल्लाहची निर्मिती बदलायला लावीन. आदरणीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये गोंदवून घेणाऱ्या आणि सौंदर्यासाठी दातांमध्ये फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा कठोर शब्दांत निषेध आहे. परंतु त्या हदीसमधील ‘सौंदर्यासाठी’ हा शब्द विसरून चालणार नाही. जे निरोगी आहे ते केवळ मिरवण्यासाठी बदलणे वेगळे. जे रोगाने बिघडले आहे ते पूर्वस्थितीस आणणे वेगळे.

याचे उदाहरण खुद्द प्रेषितकाळातच आहे. अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक इस्लामपूर्व काळातील ‘कुलाब’च्या लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले. त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. वाचकहो, पुरुषांसाठी सोने वापरणे निषिद्ध आहे, हे आपण जाणता. तरीही एका माणसाच्या चेहऱ्याची विद्रूपता व त्याची अडचण दूर व्हावी म्हणून ती मुभा दिली गेली. चेहऱ्याचे दुःख ही क्षुल्लक गोष्ट आहे असे आपल्या धर्माने मानलेले नाही. 2007 साली मलेशियातील पुत्रजाया येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनानेही हाच भेद मान्य केला : भाजणे, अपघात वा रोग यांमुळे आलेले व्यंग दूर करणे वैध आहे. तेव्हा मुरुम आणि त्यांचे व्रण यांवरील उपचार मूलतः रोगनिवारणात मोडतो. त्याच यंत्राने रंग उजळवून घेण्याची हौस मात्र या मुभेच्या आड लपवता येणार नाही.

मामांच्या म्हणण्यालाही उत्तर दिले पाहिजे. सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असा समज आपल्यात रूढ झाला आहे. सब्राचा आदर्श म्हणून आपण ज्यांचे नाव घेतो त्या प्रेषित अय्यूब (अ.) यांची कथा ‘साद’ या अध्यायात पाहा. त्यांनी आपले दुःख अल्लाहपुढे मांडले. त्यांना आज्ञा झाली की जमिनीवर पाय आपट. तेथे स्नानासाठी व पिण्यासाठी थंड पाणी निघाले (38:42). आणि दोनच आयतींनंतर अल्लाहने त्यांना सब्र करणारा म्हणून गौरवले. म्हणजे दुःख बोलून दाखवणे आणि उपाय करणे यांनी सब्र भंगत नाही. औषध करावे काय, असे विचारणाऱ्या ग्रामीण अरबांना प्रेषितांनी औषध करण्यासच सांगितले, कारण वार्धक्य सोडले तर उपायाविना कोणताही रोग ठेवलेला नाही.

इथवर आईची बाजू बळकट झाली असे वाटेल. परंतु एखादी गोष्ट वैध ठरली म्हणजे ती कोणत्याही मार्गाने मिळवणे वैध ठरत नाही. बांगड्या तारण ठेवून काढलेले कर्ज व्याजाचे असेल. व्याजाविषयी कुरआनने जितकी कडक भाषा वापरली आहे, तितकी फार थोड्या पापांविषयी वापरली आहे. अत्यंत निकडीच्या स्थितीतच निषिद्ध गोष्टीला वाट मिळते. दोन महिन्यांवर आलेला मुलगी पाहण्याचा कार्यक्रम ही तशी निकड नव्हे. ज्या घरात अद्याप पाऊल पडलेले नाही त्या घराच्या नजरेसाठी आपल्या घरात व्याज आणावे काय, हे आईने शांतपणे स्वतःला विचारावे.

शिवाय ज्यासाठी हा खर्च करायचा ते फळ निश्चित आहे काय? 2016 साली कॉक्रेन या संस्थेने प्रकाशोपचारांवरील 71 चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत 4211 व्यक्तींचा समावेश होता. यांपैकी बहुतेक उपचारांच्या परिणामाविषयी भक्कम पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. निळ्या प्रकाशाने जिवाणू कमी होतात, पण तैलग्रंथी आपले काम करीतच राहतात. म्हणून मुरुम पुन्हा येऊ शकतात. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर तीव्र लेझर चुकीच्या मात्रेत पडला तर भाजून काळे डाग उरण्याचा धोका असतो. मुरुम उठत असतानाच व्रणांवर लेझर मारण्याची घाईही योग्य नाही; आधी रोग शांत व्हावा लागतो.

म्हणून जो दवाखाना तपासणीपूर्वीच सत्रांची संख्या व रक्कम सांगतो आणि हमखास गुणाचे वचन देतो, त्याच्यापासून सावध राहावे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषितांनी आतला ओलावा शोधून काढला होता, आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले होते. उपचाराआधीची व नंतरची निवडक छायाचित्रे दाखवून आतला ओलावा झाकणाऱ्यांनाही ते लागू आहे. आपल्या समाजातील तरुण डॉक्टरांनी हे विशेष लक्षात ठेवावे : रुग्णाचा चेहरा ही त्यांच्या हाती दिलेली अमानत आहे.

मग त्या मुलीने करावे काय? लोणावळ्याहून लोकलने पुण्याला जावे आणि ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावे. बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीन अशी साधी मलमे वैद्यांच्या सल्ल्याने नियमित लावली तर गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. तेवढा धीर हवा, आणि मामांचा सब्र येथे कामी येईल. मासिक पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर केस वाढत असतील तर तेही सांगावे, कारण मूळ संप्रेरकांत असू शकते. तीव्र रोगावर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या फार गुणकारी आहेत. परंतु त्यांनी गर्भात गंभीर व्यंग येते. लग्न ठरत असेल तर ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. ओळखीतल्या कोणी दिलेले ‘गोरे करणारे’ मलम लावू नये. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते आणि त्यानेच मुरुम वाढतात. 2018 साली सरकारने अशी 14 स्टेरॉइड द्रव्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली, ती याच कारणाने. एवढे करूनही खोल व्रण उरले आणि व्याजाविना पैसा जमला, तर लेझर अवश्य घ्यावा. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही. त्यानंतर काही दिवस त्वचेस पाणी लावू नये असे वैद्यांनी सांगितले तर वुजूविषयी सवलत आहे. ती कशी घ्यावी हे जवळच्या आलिमांना विचारावे. जखमी माणसाला स्नानाचा चुकीचा सल्ला देऊन त्याच्या मृत्यूस कारण झालेल्यांवर प्रेषित रागावले होते. विचारणे हाच अज्ञानावरील इलाज आहे, अशी त्यांची शिकवण आहे.

शेवटी, वाचकहो, आपल्याविषयी. या पत्रात मला सर्वांत जास्त खुपला तो मुरुम नव्हे, तर तो निरोप. जुलैबीब (रजि.) हे दिसायला सामान्य, घरदार नसलेले सहाबी. प्रेषितांनी स्वतः त्यांच्यासाठी एका अन्सारी घरात मागणी घातली. आई-वडील कचरले, मुलगी म्हणाली, प्रेषितांनी पाठवलेले स्थळ तुम्ही परत करणार काय? पुढे एका मोहिमेत जुलैबीब हुतात्मा झाले. सर्वांनी आपापली माणसे मोजली. त्यांची आठवण कोणास झाली नाही. प्रेषितांना झाली. त्यांनी त्यांना शोधले, हा माझा आहे आणि मी याचा आहे, असे सांगितले आणि आपल्या हातांवर उचलून कबरीत ठेवले.

आपण मुलगी पाहायला जातो तेव्हा काय पाहतो? अल्लाह चेहरे व संपत्ती पाहत नाही, अंतःकरणे व कर्मे पाहतो, ही हदीस आपण जुम्याच्या खुत्ब्यात ऐकतो आणि रविवारी एखाद्याच्या दिवाणखान्यात चहा पिऊन तिच्या उलट निरोप धाडतो. विवाहात आवडनिवड असू नये असे धर्म म्हणत नाही; नकार देण्याचा हक्क दोन्ही बाजूंना आहे. पण नकाराचे कारण म्हणून एखादीचा रोग तिच्या आईच्या हाती ठेवण्याचा हक्क कोणालाही नाही. ‘अल्-हुजुरात’ या अध्यायात (49:11) कोणाचा उपहास करू नका व दोष काढू नका, अशी आज्ञा आहे. तिथे स्त्रियांचा वेगळा उल्लेख आहे. तो उगाच नसावा.

कुसगावच्या मुली, तू उपचार घे. लाज वाटू देऊ नकोस. दोन महिन्यांची मुदत मात्र तू स्वतःवर लादून घेऊ नकोस. ती अल्लाहने घातलेली नाही. आणि ते दुसरे स्थळ ज्या घरातून येणार आहे, ते घर कदाचित हे मासिक वाचत असेल. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की तिच्या घरी जाल तेव्हा ती काय शिकते हे आधी विचारा.

अल्लाह आमची रूपे जशी घडवतो, तशी आमची नीतीही सुंदर करो. आमीन.