भूकंप कोणाच्या पापाने होतो?



घरातून देव्हारा उठला, तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली, मुलांना त्रिसरण-पंचशील म्हणता येऊ लागले, तरी पुढे कितीतरी दिवस एक भीती त्या घरात दबा धरून बसलेली असते. मूल तापाने फणफणते, म्हैस दगावते, पावसात भिंत खचते आणि नात्यातली एखादी म्हातारी हळूच म्हणते, "पोरी, मरीआईला घराबाहेर काढलंस. ती बरी गप्प बसेल!" म्हातारी दुष्ट नसते. तिच्या आईबापांनी पटकीच्या साथीत घरेच्या घरे ओस पडताना पाहिली होती आणि मरीआईच्या गाड्यापलीकडे त्यांच्या हाती दुसरे औषध नव्हते. पण तिच्या त्या एका वाक्याने आईचे काळीज चरकते. रात्री तिला वाटते, आपण चुकलो तर नाही? जुने सोडले हीच आपली चूक तर नव्हे?

हा प्रश्न हसून उडवून लावण्याजोगा नाही. संकट ही शिक्षा असते काय? भूकंप, पूर, साथ यांच्यामागे कोणाचा तरी कोप आणि कोणाचे तरी पाप असते काय? हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे. ज्यांनी आपल्या हातांनी गुलामी तोडली त्यांनाच 'हे तुमच्या पापाचे फळ' असे ऐकवले गेल्याचे एक उदाहरण आपण प्रत्येकाने माहीत करून घ्यावे. ते हैती देशाचे आहे.

हैती हा कॅरिबियन समुद्रातील एका बेटाचा पश्चिम भाग. तेथे फ्रेंचांचे उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले लाखो गुलाम राबत होते. १७९१ च्या ऑगस्ट महिन्यात हे गुलाम उठले. रात्रीच्या अंधारात जमून, आपल्या पूर्वजांच्या पद्धतीने शपथ घेऊन त्यांनी बंड पुकारले असे तेथील परंपरा सांगते. तेरा वर्षे ते लढले. नेपोलियनची फौजही त्यांनी परतवली. १ जानेवारी १८०४ रोजी त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. गुलामांनी स्वतः उठाव करून स्वतःचे राज्य स्थापन केल्याचे असे दुसरे उदाहरण जगाच्या इतिहासात नाही.

या देशात १२ जानेवारी २०१० रोजी दुपारी पाचच्या सुमारास भूकंप झाला. त्याची तीव्रता ७.० होती आणि केंद्र पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीपासून अवघ्या पंचवीस किलोमीटरवर होते. मृतांचा आकडा कोणी एक लाखाच्या आसपास सांगतात, तर तेथील सरकारने तो तीन लाखांच्या वर सांगितला. प्रेते ढिगाऱ्याखालून निघत होती, तोच दुसऱ्या दिवशी अमेरिकेतील पॅट रॉबर्टसन नावाच्या धर्मोपदेशकाने दूरचित्रवाणीवरून सांगितले की, या लोकांनी फ्रेंचांपासून सुटका व्हावी म्हणून सैतानाशी करार केला होता आणि तेव्हापासून त्यांच्यामागे शाप लागला आहे.

वाचकहो, हे वाक्य नीट ध्यानात घ्या. त्याच्या मते पाप कोणते? गुलामाने मालकाचा देव सोडून बेडी तोडली, हे पाप! ज्यांनी माणसे विकली, चाबकाने फोडली, त्या मालकांच्या पापाचा उल्लेख नाही. आपल्या गल्लीतले वाक्य आणि हे वाक्य यांत फरक फक्त भाषेचा आहे. जो सुटतो, त्याच्याच घरात शाप शोधला जातो.

आता शापाचे हे म्हणणे तपासून पाहू. हैतीच्या भूकंपानंतर दीड महिन्याने, २७ फेब्रुवारी २०१० रोजी, दक्षिण अमेरिकेतील चिली देशात भूकंप झाला. त्याची तीव्रता ८.८ होती. त्यात बाहेर पडलेली शक्ती हैतीच्या भूकंपापेक्षा सुमारे पाचशे पट अधिक होती. मृत मात्र सुमारे सव्वापाचशे. आणि त्यांतही अनेक जण नंतर आलेल्या समुद्राच्या लाटांनी मेले. चिलीवर देवाची माया अधिक होती म्हणावे काय? तसे असते तर १९६० साली जगात आजवर मोजला गेलेला सर्वांत मोठा, ९.५ तीव्रतेचा भूकंप याच चिलीत झाला नसता.

खरे कारण साधे आहे. चिलीच्या भूकंपाचे केंद्र समुद्राखाली आणि अधिक खोल होते, हे एक. दुसरे आणि मोठे कारण असे की, चिलीने प्रत्येक भूकंपापासून धडा घेतला. इमारत कशी बांधावी याचे नियम केले आणि ते पाळायला लावले. इमारत बांधून विकणाऱ्यावर तिच्या मजबुतीची जबाबदारी दहा वर्षे राहते असा तेथे कायदा आहे. हैतीत असे नियम अमलात नव्हते. कमी सिमेंट, अपुऱ्या सळ्या, वर जड छत. ते छत माणसांवर कोसळले.

मग हैती गरीब का राहिला? यालाही कारण आहे. १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका पाठवून या नव्या देशाकडून पंधरा कोटी फ्रँकची भरपाई मागितली. भरपाई कशाची? मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची. आणि त्या मालमत्तेत सुटलेले गुलामही धरले होते! रक्कम पुढे कमी झाली, पण ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता चुकता व्हायला १९४७ साल उजाडले. ज्या पैशात शाळा, दवाखाने, पक्की घरे उभी राहायची तो पैसा मालकांच्या वारसांकडे आणि सावकारी पेढ्यांकडे गेला. शाप शोधायचाच असेल तर तो या हिशेबाच्या वहीत सापडतो.

भूकंपापाठोपाठ त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हैतीत पटकीची साथ आली. त्याआधी निदान शंभर वर्षे तेथे पटकीची नोंद नव्हती. लोक भेदरले. कोणी तरी भुकटी टाकून रोग पसरवतो आहे अशी अफवा उठली आणि जमावाने चाळीसहून अधिक माणसांना ठार केले. त्यांत बहुतेक वूडू या तेथील जुन्या पंथाचे पुजारी होते. पापी शोधायला निघालेला जमाव असा निरपराधाच्या दारात जाऊन थांबतो. आपल्याकडेही साथीच्या दिवसांत एखाद्या एकट्या बाईला चेटकीण ठरवून मारले जाई, ते आठवा.

कारण शोधायला निघालेली माणसे मात्र दुसरीकडे पोहोचली. रेनो पिआरू या फ्रेंच डॉक्टरांनी पहिले रोगी कोठे आढळले याचा माग काढला. ते सर्व एका ओढ्याच्या काठचे होते. त्या ओढ्याच्या काठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसैनिकांची छावणी होती. नेपाळमध्ये तेव्हा पटकी होती आणि तेथून नुकतीच एक तुकडी आली होती. छावणीतील मैला नीट बंदोबस्त न झाल्याने ओढ्यात आणि तेथून आर्तिबोनित या मोठ्या नदीत गेला. लोक तेच पाणी पीत होते. आठ लाखांवर माणसे आजारी पडली, दहा हजारांच्या जवळपास मेली. राष्ट्रसंघाने सहा वर्षे टाळाटाळ केली. अखेर डिसेंबर २०१६ मध्ये सरचिटणीस बान की-मून यांना हैतीच्या जनतेची क्षमा मागावी लागली. ते सैनिक पापी नव्हते, पुजारीही नव्हते. चूक मैल्याच्या व्यवस्थेत होती, तिला ठावठिकाणा होता, आणि म्हणूनच तिचा जाबही विचारता आला. देवीच्या कोपाचा जाब कोणाला विचारणार?

आता एक अवघड उदाहरण घेऊ. त्यात निकाल आपल्या बाजूने लागल्यासारखा दिसतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळात प्रचंड भूकंप झाला. दहा हजारांहून अधिक माणसे मेली. तेव्हा गांधीजी म्हणाले की, ही अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. अस्पृश्यता हे पाप आहे हे आपल्याहून अधिक कोण जाणतो? मग हे म्हणणे आपण मान्य करावे काय?

मान्य करू नये. अस्पृश्यतेच्या विरुद्ध असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनीच त्या वेळी त्याला जाहीर विरोध केला. भौतिक घटनेचे कारण भौतिकच असते, असे त्यांनी बजावले. शिवाय अशा प्रकारचा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच अधिक शोभतो, असेही त्यांनी दाखवून दिले. खरेच आहे. अस्पृश्यांना जवळ केले म्हणून धरणी कोपली असे सनातन्यांनी म्हटले असते तर त्यांना काय उत्तर होते? आणि भिंतीखाली जे मेले त्यांत अस्पृश्यांची लेकरे नव्हती काय? ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच अन्यायाची शिक्षा देणारा हा कसला न्याय? भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत हिमालयाखाली रेटला जातो, तेथे साठलेला ताण एक दिवस सुटतो आणि जमीन हादरते. तिला स्पृश्य कळत नाही, अस्पृश्य कळत नाही. अस्पृश्यता वाईट आहे, कारण ती माणसाला माणूस मानत नाही. हे सिद्ध करायला भूकंपाची साक्ष लागत नाही.

येथे कोणी विचारील, "गुरुजी, आपल्या धम्मातही कर्म सांगितले आहे ना? मग दुःख हे मागच्या कर्माचे फळच झाले." हा प्रश्न प्रत्यक्ष भगवान बुद्धांपुढे आला होता. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाची हकीगत आहे. माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, यावर आपले मत काय, असे त्याने विचारले. तथागतांनी कारणे मोजून दाखवली: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा बिघाड, ऋतूतील बदल, चुकीचा आहारविहार, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक. सर्व काही पूर्वकर्मानेच घडते असे म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्या आणि लोकांना ठाऊक असलेल्या सत्याच्या पलीकडे धावतात, असा त्यांनी निर्वाळा दिला. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागील जन्माच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते हे मत नाकारले. गरीब आणि दलित यांच्या दशेची जबाबदारी समाजाला आणि राज्याला टाळता यावी, एवढाच त्या मताचा उपयोग दिसतो, असे त्यांनी स्पष्ट केले. हैतीच्या दैन्याला शाप म्हणणाऱ्यांनी नेमके हेच केले.

एक गोष्ट मात्र आपण आपल्याच लोकांना सांगितली पाहिजे. २०१३ च्या जून महिन्यात केदारनाथला ढग कोसळले, वरचा तलाव फुटला, हजारो यात्रेकरू वाहून गेले. अशा वेळी, "आता कुठे गेला यांचा देव?" असे समाधानाने म्हणणारे आपल्यातही निघतात. बंधूंनो, हे धम्माचे बोलणे नव्हे. मेलेल्याच्या श्रद्धेत त्याच्या मरणाचे कारण शोधणे हा त्या म्हातारीचाच तर्क आहे, फक्त देव बदलला आहे. आणि म्हातारीच्या मनात निदान भीती होती. आपल्या बोलण्यात करुणेचा लेशही नसतो.

ज्या आईचे मूल गेले ती विचारते, "माझेच का?" तिला हे सर्व सांगून तिचे दुःख हलके होईल असे मी म्हणत नाही. शिक्षा म्हटले की निदान अर्थ तरी लागतो; नुसते कारण कळल्याने तो लागत नाही. पण तिच्या दुःखावर अपराधाचे ओझे चढवू नये, एवढे आपल्या हाती आहे. तू काही पाप केले नाहीस, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. तेवढ्याने मूल परत येत नाही, परंतु आई स्वतःला खाणे थांबवते.

आणि कारण कळले की हात कामाला लागतात. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालानोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून, रोग्यांच्या नातेवाइकांकरवीच ते पाजवले. शंभरांत तिसांच्या आसपास असलेले मृत्यू चारांच्या आत आले. ज्या रोगापुढे पिढ्यान्पिढ्या कोंबडे-बकरे कापले गेले, त्याला पाण्याच्या एका भांड्याने अडवले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आपल्या विहारात मुलांना वंदना शिकवताना हे मापही पाठ करून घ्यावे. जुलाब लागताच ते पाजावे आणि रोग्याला दवाखान्यात न्यावे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्या घाणीत पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः त्याच्यावर पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर निजवले. हे तुझ्या कोणत्या कर्माचे फळ, असे त्यांनी विचारले नाही. तुझी शुश्रूषा का होत नाही, एवढेच विचारले.

वस्तीत कोणावर संकट आले, मग ते घर आपले असो वा अजून मरीआईला मानणारे असो, आपणही एवढेच विचारावे, आणि पाण्याचे भांडे घेऊन निघावे.

जयभीम.