दुसऱ्याची थंडी

उजळणी हा शब्द आपण लहानपणी पाढ्यांबरोबर ऐकतो आणि पाढ्यांबरोबरच सोडून देतो. एकदा पाठ झालेले पुन्हा कशाला पाहावयाचे, अशी प्रौढपणी आपली समजूत असते. वस्तुतः ‘हे येते’ म्हणून बाजूला ठेवलेल्या गोष्टींतच पुष्कळसे पाहावयाचे राहून गेलेले असते. कार्यालयीन कामातून उरलेल्या वेळात आम्ही जपानी भाषेचा अभ्यास करतो. तिच्या आरंभीच्या धड्यांतील एक नियम या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे.

थंडी वाजणारा जपानी मनुष्य नुसते ‘सामुइ’ म्हणतो; ‘मला’ म्हणण्याचीही त्याला गरज पडत नाही. परंतु शेजाऱ्याला थंडी वाजत आहे हे सांगावयाचे झाले, तर हाच शब्द जसाच्या तसा चालत नाही. तेथे ‘सामुसो दा’, म्हणजे थंडी वाजत असावीसे दिसते, किंवा ‘सामुगात्ते इरु’, म्हणजे थंडी वाजत असल्याची लक्षणे दिसताहेत, असे म्हणावे लागते. दुखणे, हवेसे वाटणे, एकाकी वाटणे या सर्वांची हीच रीत. स्वतःसाठी एक रूप, दुसऱ्यासाठी दुसरे, एवढे घोकून विद्यार्थी पुढच्या धड्याकडे वळतो.

पुन्हा पाहू लागले म्हणजे तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, समोरच्याला ‘सामुइ देसु का’ असे विचारण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही. जेथे विधानाला मज्जाव आहे, तेथे प्रश्नाला वाट मोकळी आहे. दुसरी गोष्ट ‘गारु’ या प्रत्ययाची. ‘त्सुयोइ’ म्हणजे बलवान. पण ‘त्सुयोगारु’ म्हणजे बळाचा आव आणणे. दिसते ते आत असेलच असे नाही, ही शंका त्या प्रत्ययातच दडलेली आहे. म्हणून वडीलधाऱ्यांविषयी तो वापरणे अशिष्ट ठरते. तिसरी गोष्ट अशी की, कादंबरीकार पात्राच्या अंतरंगात शिरून निवेदन करू लागला की हे बंधन सुटते. भाषाशास्त्रज्ञ एस. वाय. कुरोदा यांनी १९७३ साली आपल्या निबंधात याची चर्चा केली आहे. म्हणजे दुसऱ्याचे मन निःशंकपणे जाणण्याचा अधिकार आहे तो त्या मनाच्या निर्मात्याला!

यावरून जपानी मनुष्य स्वभावतःच अधिक सहृदय असतो, असा निष्कर्ष काढणे पोरकटपणाचे होईल. व्याकरण कोणाला सद्गुण देत नाही. ‘थंडी वाजत असावीसे दिसते’ असे बिनचूक बोलणारा पांघरूण देईलच असे नाही. आणि ‘बाळाला थंडी वाजते आहे’ असे म्हणून दुलई ओढणारी आपल्याकडील आई कोणाच्या मनावर आक्रमणही करीत नाही. उलट, ‘दुसऱ्याचे दुःख आपल्याला काय कळणार’ हे तत्त्वज्ञान निष्ठुरांच्या फार सोयीचे आहे. तेव्हा मौन हा यावरील उपाय नव्हे. पाहिलेले आणि ताडलेले वेगळे ठेवणे व जेथे विचारणे शक्य आहे तेथे विचारणे, एवढेच कर्तव्य उरते.

हे कर्तव्य आपल्यासारख्या नोकरदारांच्या तर रोजच्या लेखणीशी बांधलेले आहे. ‘या कर्मचाऱ्यास कामाची आवड नाही’ हा शेरा लिहावयास अर्धा मिनिट लागतो आणि एखाद्याची बढती त्यापायी अडते. प्रत्यक्षात पाहिलेले एवढेच असते की, तो चार वेळा उशिरा आला आणि त्याची दोन टिपणे अपुरी राहिली. या दोहोंपासून ‘आवड नाही’ येथवर पोचताना एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला. कदाचित घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असेल. मराठीत असे वाक्य लिहिताना व्याकरण आपला हात धरीत नाही. म्हणूनच तो विवेकाने धरावा लागतो.

आणि हा विवेक सुटतो तो बहुधा परक्यांच्या बाबतीत नव्हे. अनोळखी माणसाविषयी आपण जपून बोलतो. दहा वर्षे शेजारच्या मेजावर बसणाऱ्याला, घरच्या माणसाला आपण ‘ओळखून’ असतो. त्यांना काय वाटते हे त्यांना न विचारताच सांगून टाकतो. उजळणीची खरी गरज तेथे आहे.