मागे जाण्याचा अधिकार

गेल्या वैशाखात काही कामानिमित्त भोरास जाणे झाले, आणि तेथे आमच्या एका वृद्ध स्नेह्यांच्या घरी दोन दिवस मुक्काम पडला. गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, वाचनाचे व्यसनी आणि स्वभावाने किंचित हट्टी. आम्ही पोहोचलो तेव्हा घरात एक तंटा चालू होता. आपल्याकडे तंटा म्हटला म्हणजे तो जमिनीचा, वाटणीचा अथवा सोयरिकीचा असावयाचा. परंतु हा तंटा एका लॅपटॉपविषयी होता. आमच्या स्नेह्यांनी त्यातील नवी ऑपरेटिंग सिस्टिम काढून टाकून पुष्कळ वर्षांपूर्वीची जुनी सिस्टिम पुन्हा बसवून घेतली होती. आणि त्यांचा भाचा, जो वेल्ह्यास उतारे, दाखले व ऑनलाइन अर्ज यांचे लहानसे दुकान चालवितो, तो या कृत्यास सरळ अपराध म्हणत होता. दोघांनीही आम्हांस पंच नेमले. पंचाचे काम आम्ही हसत हसत पत्करले. परंतु रात्री अंथरुणावर पडून विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, मनुष्यास मागे जाण्याचा अधिकार कितपत आहे, हा नीतिशास्त्रातला जुनाच प्रश्न या निमित्ताने आमच्यापुढे येऊन बसला आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा कारभारी. बोट कोणत्या कळीवर पडले असता कोणते अक्षर उमटावयाचे, कोणता कागद कोणत्या कपाटात ठेवावयाचा, बाहेरून आलेल्या पाहुण्यास आत घ्यावयाचे की दारातूनच परत लावावयाचे, हे सर्व तो पाहतो. यंत्र तेच ठेवून कारभारी बदलता येतो. भोर हे पंतसचिवांचे संस्थान, ते १९४८ साली विलीन झाले. तेव्हा वाडा तोच राहून कारभार बदलणे म्हणजे काय, हे भोरकरांस समजावून सांगण्याचे कारण नाही. मात्र विलीन झालेले संस्थान कोणी पुन्हा मूळपदावर आणल्याचे आम्ही ऐकलेले नाही, आणि आमच्या स्नेह्यांनी आपल्या यंत्रापुरते तेच केले होते.

त्यांचे कारण ऐकण्यासारखे आहे. भोराजवळ भाटघर येथे वेळवंडी नदीवर जे मोठे धरण आहे, ते १९२८ च्या सुमारास पुरे झाले. गव्हर्नरसाहेबांच्या नावावरून त्यास लॉईड धरण म्हणत; आज त्या जलाशयास येसाजी कंकांचे नाव आहे. त्या पाण्यावर नीरेचे कालवे वाहतात आणि खाली बारामती-फलटणकडची जमीन भिजते. वरच्या खोऱ्यातल्या कित्येक गावांची घरे, खाचरे आणि देवळे मात्र पाण्याखाली गेली. आमच्या स्नेह्यांचे आजोळ त्यांपैकीच एक. ज्यांनी लहानपणी ते गाव डोळ्यांनी पाहिले होते अशी चार-सहा म्हातारी माणसे १९९८ साली हयात होती. तेव्हापासून तीन वर्षे, सुटीच्या दिवशी त्यांच्यापाशी बसून या गृहस्थांनी एकेक गोष्ट टिपून घेतली : कोणत्या आळीत कोणाचे घर होते, कोणत्या विहिरीचे पाणी गोडे, खळे कोठे, म्हसोबा कोठे, आणि मुख्य म्हणजे शेतांची नावे. आपल्या लोकांनी जमिनीच्या तुकड्या-तुकड्यास दिलेली ती नावे कोणत्याही सरकारी दप्तरात सापडावयाची नाहीत. हे सर्व त्यांनी त्या काळी प्रचलित असलेल्या एका मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रॅमवर उतरविले. मूळ वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. सांगणारी माणसे तर एकामागून एक गेलीच.

आता त्या काळच्या मराठी टंकलेखनाची एक गंमत होती, आणि आज तिचीच अडचण झाली आहे. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षराला स्वतःची जागा नव्हती. रोमन अक्षरांसाठी नेमलेल्या घरांत आपली अक्षरे पोटभाडेकरू म्हणून राहत. कोणत्या घरात 'क' राहतो आणि कोणत्या घरात वेलांटी, हे प्रत्येक बनविणारा आपापल्या मर्जीने ठरवी. युनिकोडने देवनागरीस तिच्या स्वतःच्या मालकीची घरे १९९१ सालीच दिली होती. परंतु सामान्य माणसाच्या टेबलावर ती सुधारणा येण्यास आणखी दहा वर्षे लागली, आणि छापखान्यांत तर त्याहूनही अधिक. परिणाम असा की, ज्या प्रोग्रॅमने मजकूर लिहिला तोच प्रोग्रॅम नसेल, तर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते. त्यातून आमच्या स्नेह्यांचा प्रोग्रॅम सोळा बिटांच्या जमान्यातला. आणि हल्लीच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालत नाहीत. लॅपटॉपवर नवी सिस्टिम आली त्या दिवशी ते गाव दुसऱ्यांदा बुडाले. जुनी सिस्टिम परत बसविताच ते जसेच्या तसे वर आले.

"वस्तू माझी, पैसे माझे, मजकूर माझा, मी कोणते पागोटे घालावे हे शिंप्याने का ठरवावे?" असे त्यांचे म्हणणे. (पागोटे शिंपी शिवीत नाही, हे आम्ही त्यांच्या निदर्शनास आणले नाही.) आमचा पहिला कौल त्यांच्याच बाजूने पडला. एक तर असे मागे जाणारे ते एकटेच नव्हेत. मायक्रोसॉफ्टची विंडोज व्हिस्टा २००७ च्या जानेवारीत बाजारात आली, तेव्हा कितीतरी लोकांनी आणि कचेऱ्यांनी ती नाकारून २००१ सालच्या एक्सपीची वाट धरली. खुद्द कंपनीने व्हिस्टाच्या काही प्रतींबरोबर तशी परवानगीच दिली होती. विंडोज अकरावर गेलेल्यासही परतीचा दरवाजा ठेवलेला आहे, परंतु तो सामान्यतः दहा दिवस उघडा असतो. आपल्याकडे मृतात्म्याला इहलोकाचा निरोप घेण्यास दिलेली मुदतही साधारण इतकीच; दहाव्या दिवशी कावळा शिवला की संपले. ज्याने हा आकडा ठरविला त्याला दशक्रियेची माहिती असण्याचा संभव नाही, तथापि मुदत त्याने मोठी समर्पक निवडली.

शिवाय जुन्याला चिकटणारा तो मूर्ख, हे समीकरण आम्हांस कधीच पटलेले नाही. कालिदासाने मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेत या प्रश्नाचा निकाल लावून ठेवला आहे : काव्य जुने म्हणून चांगले ठरत नाही आणि नवे म्हणून टाकाऊ ठरत नाही, शहाणा पारखून घेतो, मूढ दुसऱ्याच्या बुद्धीने चालतो. कालिदास हे बोलला तेव्हा जुन्याचा दरारा होता आणि त्याला नव्याची वकिली करावयाची होती. आज दरारा नव्याचा आहे. तेव्हा तोच न्याय उलट बाजूने लावून जुन्याची वकिली का करू नये? 'जुने काढा, नवे घाला' असे यंत्राने सांगितले व आपण मुकाट्याने मान हलविली, तर दुसऱ्याच्या बुद्धीने चालणारे कोण ठरतो? येथवर येऊन आम्ही स्नेह्यांच्या बाजूने निकाल मनात लिहूनही टाकला होता.

दुसऱ्या दिवशी भाच्याने आम्हांस नसरापुरावरून वेल्ह्यास नेले. वाटेत तोरणा व राजगड दोन्ही दिसतात. तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. हे मागे जाणे म्हणावे की पुढे, याचा वाद एसटीच्या थांब्यावर अद्याप ऐकू येतो, आणि लोक तोंडाने वेल्हेच म्हणतात. दुकानात बसल्यावर भाच्याने गेल्या पावसाळ्यातली हकिकत सांगितली. जुलैची अखेर, पीकविम्याच्या अर्जाची मुदत संपत आलेली. मामा आदल्या दिवशी आपली चार पाने छापून घेण्यास आले होते, आणि पेनड्राइव्ह त्यांनी आपल्या लॅपटॉपमधून काढून दुकानाच्या यंत्रास लावला होता. सकाळी यंत्र उघडले तो एकही कागद उघडेना. दोन दिवस दुकान बंद राहिले. केळदकडून पावसात एसटीने आलेली एक म्हातारी बाई, भाताचे खाचर अर्ध्या एकराचे, ती दुसऱ्या दिवशीही येऊन रिकाम्या हाताने परत गेली. तिचा अर्ज त्या वर्षी राहिला तो राहिलाच. "तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय हे ठाऊकसुद्धा नाही, काका," भाचा म्हणाला, "आणि दंड भरला तिने."

कीड मामांच्याच यंत्रातून आली, असे काही सिद्ध झालेले नाही. दुकानात दिवसाला वीस पेनड्राइव्ह येतात. मामा याच संशयाचा फायदा मागतात, आणि फौजदारी न्यायालयात त्यांना तो मिळालाही असता. परंतु आम्ही बसलो होतो ते नीतीच्या न्यायालयात, आणि तेथे आमचा मनातला निकाल डळमळू लागला. आमची चूक कोठे झाली ते आता दिसले. कालिदास बोलत होता काव्याविषयी. जुने, टाकाऊ नाटक कोणी घरात वाचीत बसला तर फुकट जाते ती त्याची एकट्याची रात्र. यंत्र मात्र काव्यासारखे एकटे नसते. ते तारेने, बिनतारीने आणि खिशातल्या त्या बोटभर कांडीने हजारो यंत्रांशी जोडलेले असते. जुन्या सिस्टिमची दुरुस्ती एका तारखेस थांबते : एक्सपीची ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज सातची सर्वसाधारण दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज दहाची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्यानंतर तिच्यात जे भगदाड सापडेल ते बहुधा उघडेच राहावयाचे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाची कीड सुमारे दीडशे देशांत पसरली आणि इंग्लंडातील सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्या भगदाडावरचे ठिगळ मार्चमध्येच निघाले होते. ज्यांनी ते लावले नव्हते, आणि ज्यांच्या फार जुन्या सिस्टिमसाठी ते तोवर निघालेच नव्हते, ते उघडे सापडले. त्या रोग्यांपैकी कितीजणांनी आपली सिस्टिम स्वतः निवडली होती?

वाड्यात राहिलेल्या वाचकांस हे अधिक सांगावयास नको. आपल्या खोलीत कोणी कंदील लावो की दिवा, शेजाऱ्यास त्याचे सोयरसुतक नाही. परंतु दिंडीचा अडसर मोडला असता "दिंडी जुनी आहे आणि मला जुनी आवडते," असे म्हणण्याचा हक्क एकट्या बिऱ्हाडकरूस पोहोचत नाही. चोर शिरला तर तो सात बिऱ्हाडांत शिरतो.

कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. नव्यास शरण जावे. आम्हांस तसेही वाटत नाही. भाच्याचे बोलणे ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे ते धरण होते. धरण फोडून टाका आणि आमचे गाव आम्हांस परत द्या, असे खोऱ्यातला कोणी म्हणत नाही; खाली किती चुली त्या पाण्यावर पेटतात हे त्यांना कळते. परंतु पाणी चढविताना वर कोणाचे काय होते, ते नीट टिपून, उचलून दुसरीकडे ठेवण्याचे कर्तव्य पाणी चढविणाऱ्याचेच होते, आणि ते जेथे अपुरे राहिले तेथे वरच्या माणसाने जुन्या जागेकडे वळून वळून पाहिले तर त्यास हट्टी म्हणणे सोपे आहे. नव्या सिस्टिमा करणारांस आणि आपल्याकडे जुने फॉन्ट विकून पुढे मोकळे झालेल्यांस हाच हिशेब लागू पडतो. मराठीत पंधरा-वीस वर्षे लोकांनी त्या पोटभाड्याच्या घरांत लिहिले : अहवाल, स्मरणिका, कुलवृत्तांत, प्रबंध. त्यांतले किती नव्या घरांत आले? युनिकोडात रूपांतर करून देणारी साधने आहेत, परंतु प्रत्येक जुन्या फॉन्टास ती पुरत नाहीत, आणि रकार, जोडाक्षरे यांत हमखास ठेचकाळतात. मामांचा हट्ट आम्हांस खुपतो. पण त्यांस हट्टावाचून दुसरी वाट कोणी ठेवली होती, याचे उत्तर भाच्यापाशीही नव्हते.

सायंकाळी भोरास परत आल्यावर आम्ही निकाल दिला. जुनी सिस्टिम राहावी. परंतु त्या यंत्राने जगाशी असलेला सर्व संबंध तोडावा. इंटरनेट नाही, पेनड्राइव्ह नाही, बँकेचा व्यवहार तर मुळीच नाही. त्यास एक छपाईयंत्र जोडावे, आणि त्यातून बाहेर यावयाचा तो फक्त कागद. कागदावरून कीड पसरत नाही. पसरलीच तर वाळवी, आणि तिची ओळख घरात जुनी आहे. बँक, पत्रव्यवहार वगैरेंसाठी भाच्याने दुकानातले एक जुने यंत्र, चालू दुरुस्त्या मिळणारी सिस्टिम घालून, मामांस द्यावे. मामा रुसले. त्यांना जुना पडदा, जुनी चित्रे, सवयीची जागा हे सर्वच हवे होते, आणि गावाच्या पानांचे निमित्त त्यांनी या सवयीपुढे ढालीसारखे धरले होते, असा आम्हांस तेव्हा संशय आला. तो त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच कबूल केला. मग आमच्याकडे न पाहता म्हणाले, "त्या बाईचा हप्ता किती बुडाला, ते भाच्याला विचारा."

निघण्यापूर्वी सर्वजण जलाशयाकडे जाऊन आलो. उन्हाळ्यात पाणी उतरले की कांबऱ्याचे कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते. लोक चिखल तुडवीत दर्शनास जातात, आणि पाऊस लागला की ते पुन्हा पाण्याखाली जाते. घरी परतलो तेव्हा भाच्याची मुलगी ओसरीवर छापलेली पाने घेऊन बसली होती आणि एकेक ओळ युनिकोडात उतरवीत होती. मामा शेजारी बसून वाचून दाखवीत होते. एका ओळीवर दोघे अडली. शेताचे नाव छापून आले होते 'साळूचे खाचर'. मुलीचे म्हणणे, हे टंकलेखनातील चूक आहे, भाताचे ते 'साळीचे' असावयाचे. मामा म्हणाले, साळू म्हणजे साळिंदर, तेथे साळिंदरे येत असतील. सांगणारी म्हातारी कोण होती, हे त्यांस आठवेना. मुलीने होते तसे 'साळूचे' ठेवले आणि समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले.